बारा भाषांतले कासव

रायगड जिल्ह्यात भाऊंइतका बहुभाषक माणूस माझ्या माहितीत झालेला नाही, हे मी पूर्ण जबाबदारीने लिहितो. त्यांना बारा भाषा वाचता येत. त्यातल्या अकरा त्यांनी कोणा गुरूशिवाय, कुठल्या वर्गाला न जाता, धाटावच्या एका केमिकल कंपनीच्या गेटवर बसून आत्मसात केल्या होत्या. बाराही भाषांत मिळून त्यांनी एकच पुस्तक वाचले होते. ते सोळा पानांचे होते आणि त्यातली निम्मी जागा चित्रांनी घेतली होती.

भाऊ आमच्या टाइम ऑफिसात होते. कामगारांची हजेरी पाहायची, टँकरना गेटपास द्यायचा, एवढे काम. राहायला पेणला. मीही पेणचाच, तेव्हा नुकताच केमिस्ट म्हणून लागलेला, त्यामुळे जाता-येता कंपनीच्या बसमध्ये त्यांची माझी गाठ पडे. ही गाठ टाळण्याकडे लोकांचा कल असे, कारण भाऊ बसमध्ये मोठ्याने वाचत. महामार्गाचे काम चालू होते. ते अजूनही चालू आहे. त्यामुळे वाक्य एका खड्ड्यात सुरू होई आणि तिसऱ्या खड्ड्यात संपे. वाटेतले खांब गाव येईपर्यंत पुस्तक दोनदा वाचून होत असे. एकदा शेजारच्या फिटरने वैतागून विचारले की भाऊ, कालपण हेच वाचत होतात ना? भाऊ म्हणाले, "काल तेलुगू होतं."

गोष्ट अशी होती. एक कासव पोहून घरी येते, तर दार उघडे आणि छत्री गायब. मग ते जंगलातल्या एकेकाला गाठून तेच चार प्रश्न विचारते. दार कोणी उघडलं? तुला कोणी सांगितलं? त्याचा रंग कोणता होता? तू तेव्हा कुठे होतास? ससा म्हणतो मला माकडाने सांगितले, माकड म्हणते मला खारीने. कोणी घाई करायला लागले की कासव म्हणते, मला घाई नाही. शेवटी कळते की छत्री हत्तीच्या खाली आहे. जमीन ओली होती म्हणून तो तिच्यावर बसला होता. त्याला कोणी विचारलेच नव्हते, कारण येता-जाता सगळे त्याला डोळे मिटून नमस्कार करत.

भाऊंची मुलगी लहान असताना हे पुस्तक तिला इतक्या वेळा वाचून दाखवावे लागले की मुलीच्या आधी भाऊंचे पाठ झाले. मुलगी मोठी झाली, लग्न होऊन गेली, पुस्तक राहिले. मग एक दिवस गुजरातचा एक टँकर गेटवर उभा होता आणि ड्रायव्हरने आपल्या पोरीसाठी घेतलेले तेच पुस्तक केबिनमध्ये पुढच्या काचेपाशी पडले होते. कुठल्याशा प्रकाशनाने ते देशातल्या बऱ्याच भाषांत एकदमच काढले होते. मुखपृष्ठ तेच, चित्रे तीच, फक्त अक्षरे निराळी. भाऊंनी ते हातात घेतले आणि सरळ वाचत सुटले. "मला गुजराती येतं हे मला त्या दिवशी कळलं," असे ते सांगत. एवढी वर्षे ही गोष्ट आपल्यापासून लपून राहिली, याचे त्यांना मनापासून आश्चर्य वाटे.

त्यानंतर भाऊंनी गेटचा अभ्यास सुरू केला. धाटावला टँकर सगळ्या देशातून येतात. प्रत्येक ड्रायव्हरला मुखपृष्ठ दाखवून सांगायचे, पुढच्या खेपेला तुमच्याकडचे हे घेऊन या. ड्रायव्हर आणतही. तमिळ आले, कन्नड आले, पंजाबी आले. एकाने चुकून पंचांग आणले; भाऊंनी तेही दोन दिवस ठेवून घेतले आणि यात कासव नाही असे सांगून परत केले. पुस्तक आले की ते आणणाऱ्याने त्यातले पहिले पान मोठ्याने वाचून दाखवायचे आणि मगच गेटपास. उच्चार कळायला दुसरा मार्ग नव्हता. मागे टँकरची रांग लागे. सिक्युरिटीचे जवान आरडाओरडा करत. एक मल्याळी ड्रायव्हर पहिल्या पानावर थांबेना. केबिनच्या पायरीवर बसून त्याने हत्तीपर्यंत सगळे वाचले आणि मग डोळे पुसून पावतीवर सही केली. त्या दिवशी अनलोडिंग अर्धा तास थांबले. रजिस्टरमध्ये कारण लिहिले होते, "तांत्रिक".

डिक्शनरीला त्यांनी कधी हात लावला नाही. "डिक्शनरीत शब्द रांगेत उभे असतात," ते म्हणत, "पण एकमेकांना ओळखत नाहीत." त्यांची पद्धत वेगळी होती. त्यांचे वडील गणपतीच्या कारखान्यात साच्यात माती दाबून मूर्ती काढायचे. पेणमध्ये गणपतीचा साचा हे सांगण्यासारखे काही नसते, पण भाऊंनी त्यावर तत्त्वज्ञान उभे केले होते. गोष्ट म्हणजे साचा. तो पाठ पाहिजे. भाषा म्हणजे वरचे रंगकाम. साचा पाठ असला की रंग आपोआप ओळखू येतात.

वहिनी, म्हणजे त्यांची पत्नी, लग्नाआधीपासून त्याच आळीतल्या कारखान्यात मूर्तींचे डोळे आखायच्या. त्यांना हे तत्त्वज्ञान मान्य नव्हते. मी चहाला गेलो असताना भाऊंनी साच्याचा विषय काढला, तेव्हा त्या आतून म्हणाल्या, "साचा काय, कुणीपण दाबतो. एक डोळा आखून दाखवा, मग बोला." भाऊ म्हणाले की म्हणूनच मी बोलत नाही, वाचतो.

हे खरे होते. भाऊंना बारा भाषा येत, पण त्यातल्या अकरांत त्यांनी कोणाशी कधी संभाषण केलेले नव्हते. तमिळमध्ये त्यांना 'माझी छत्री हरवली' म्हणता येई, 'इन्व्हॉइस कुठे आहे' म्हणता येत नसे. ड्रायव्हरांनाही ते कळले होते. लांबून टँकर दिसला की भाऊ त्याच्या भाषेत विचारत, छत्री कोणी घेतली? आणि ड्रायव्हर आपल्या भाषेत ओरडून सांगे, हत्तीने. कँटीनचा म्हातारा आचारी रोज चहा देताना विचारी, "काय भाऊ, छत्री गावली का?"

"नाय. हत्ती उठला नाय अजून."

मी स्वतः या विद्येचा एकदा उपयोग करून पाहिला. कंपनीने मला ट्रेनिंगला कर्नाटकात पाठवले. जाताना मी भाऊंकडून कन्नडमधले एक वाक्य घोकून घेतले. तेच सोपे होते. पहिल्या संध्याकाळी खानावळीत वेटर आला, तेव्हा मी स्पष्ट उच्चारात म्हणालो, मला घाई नाही. जेवण सव्वा तासाने आले.

आता साहेबांबद्दल. आमच्या प्लांट हेडना समारंभ आवडत. गेटवर 'अपघातमुक्त दिवस' असा एक आकड्यांचा बोर्ड होता, तो ते रोज सकाळी गाडीतून उतरून स्वतः पाहत. आकडा वाढला की चेहरा खुले, जणू दिवस त्यांनी स्वतः उत्पादित केला आहे. मराठी भाषेच्या दिवशी त्यांना कोणाचा तरी सत्कार हवा होता. भाऊंना शाल आणि श्रीफळ मिळाले. साहेब म्हणाले, भाऊ म्हणजे आपल्या कंपनीचे चालतेबोलते विद्यापीठ. मग त्यांनी भाऊंना तेलुगूत दोन शब्द बोलण्याची विनंती केली. भाऊ बोलले. सभागृहाने टाळ्यांचा कडकडाट केला. नंतर मी अर्थ विचारला, तर वाक्य होते, 'माझ्या घराचं दार उघडं आहे.'

कंपनीच्या अंकात भाऊंचा फोटो आणि बाराही भाषांची यादी छापून आली. त्या यादीत ओडिया होती. पुढचे सगळे त्या एका शब्दामुळे झाले.

कंत्राटदाराकडे ओडिशाची बरीच माणसे होती. त्यातला एक चाळिशीचा गृहस्थ ड्रम धुण्याच्या लाइनवर होता. त्या लाइनवर उकळत्या पाण्याचा एक व्हॉल्व्ह आहे. त्याला लाल टॅग लावलेला असताना तो उघडायचा नाही, आणि टॅग शिफ्टच्या केमिस्टने काढायचा, असा नियम. त्या दिवशी केमिस्ट मी होतो. मी टॅग काढलेला नव्हता. तरी व्हॉल्व्ह उघडला गेला, पाइप नीट जोडलेला नव्हता आणि त्या माणसाचा डावा हात कोपरापासून मनगटापर्यंत भाजला.

चौकशी बसली. अध्यक्ष साहेबच. शिवाय एचआरचा अधिकारी, कंत्राटदाराचा माणूस आणि मिनिट्स लिहायला मी. कामगाराने स्वतःच्या चुकीने नियम मोडला असे ठरले, तर त्याला काढून गावी पाठवायचे, औषधपाणी त्याचे त्याने पाहायचे, आणि गेटवरचा आकडा शून्यावर आणायची गरज नाही, असे एचआरचे म्हणणे होते. त्या कामगाराला हिंदी जेमतेम येत होते. तुमने खोला? हाँ साहब. गलती से? हाँ साहब. एचआरने त्याला चहा घेणार का विचारले, तेव्हाही तो तसेच म्हणाला. मात्र चहा आला तेव्हा त्याने घेतला नाही.

मला यात एक गोष्ट माहीत होती. अपघाताच्या थोडे आधी साहेब त्या लाइनवर उभे असलेले मी वरच्या प्लॅटफॉर्मवरून पाहिले होते. बाहेर एक टँकर खोळंबला होता आणि साहेब हातवारे करत होते. पण माझे नोकरीत कायम झाल्याचे पत्र त्यांच्या टेबलावर सहीसाठी पडून होते. आणि मिनिट्स लिहिणाऱ्याला मत नसते, असे मी स्वतःला सांगितले होते. ते वाक्य मला त्या वेळी बरेच भारदस्त वाटले.

कागद सगळे तयार होते. फक्त कामगाराचा जबाब त्याच्या भाषेत, दुभाष्यासमोर, घेतल्याची नोंद हवी होती. कंत्राटदाराच्या माणसाने ते काम करायची तयारी दाखवली, पण तो स्वतः चौकशीत पक्षकार होता. तेव्हा साहेबांना आपले विद्यापीठ आठवले. "घरचा माणूस आहे," ते म्हणाले. "बोलवा भाऊंना."

भाऊ आले ते प्लास्टिकच्या पिशवीत पुस्तक घेऊन. साहेबांच्या समोरच्या खुर्चीत बसले, चष्मा पुसला आणि पुस्तक उघडले. ओडिया अक्षरांच्या डोक्यावर गोल छत्र्या असतात. एकेका छत्रीखाली बोट ठेवत त्यांनी मनातल्या मनात दोन पाने वाचली. एचआरने घड्याळ पाहिले. मग भाऊंनी टेबलावरचा व्हॉल्व्हचा फोटो त्या माणसापुढे सरकवला, त्यावर बोट ठेवले आणि कासवाच्या आवाजात, म्हणजे बसमध्ये वाचायचे त्याच संथ आवाजात, ओडियात पहिला प्रश्न विचारला.

त्या माणसाने वर पाहिले. कंपनीत आल्यापासून त्याच्या भाषेत त्याला कुठल्याही अधिकाऱ्याने काही विचारलेले नव्हते, आणि कासव होऊन तर नाहीच. पहिल्यांदा तो हसला. मग त्याने उत्तर दिले. भाऊंनी पान उलटून दुसरा प्रश्न विचारला, मग तिसरा. आता त्याची उत्तरे लांबत गेली. शेवटी त्याने चांगला हात उचलून स्वतःच्या डोक्यावर टेकवला.

"काय म्हणतोय?" साहेबांनी विचारले.

"दार यांनीच उघडलं," भाऊ म्हणाले.

"मग झालं. लिहा."

"कोणीतरी सांगितलं म्हणून उघडलं. सांगणाऱ्याच्या डोक्यावर पांढरं होतं."

आमच्याकडे कामगारांची हेल्मेट पिवळी, केमिस्टची निळी. पांढरी फक्त खातेप्रमुखांना आणि साहेबांना. साहेबांचे पांढरे हेल्मेट त्यांच्याच पुढे टेबलावर उलटे ठेवलेले होते आणि त्यात त्यांनी गाडीची किल्ली टाकली होती. कोणीही त्याच्याकडे पाहिले नाही. न पाहण्याची अशी एकजूट मी आमच्या कंपनीत पुन्हा पाहिली नाही.

एचआर म्हणाला की एवढे मोठे बोलला त्यात चुकून उघडले असेही म्हणाला असेल, ते घ्या.

"'चुकून' माझ्या पुस्तकात नाय," भाऊ म्हणाले. "तो बोलला असेल तर मला कळलं नाय. जे कळलं नाय ते मी सांगणार नाय."

"भाऊ," साहेब हसत म्हणाले, "तुम्हाला बारा भाषा येतात म्हणून मी तुमचा सत्कार केला."

"व्हय. पण सोळा पानांच्याच येतात, साहेब. ते तुम्ही विचारलं नव्हतं."

साहेब मग आवाज चढवून म्हणाले की आम्हाला वेळ नाही, लवकर आटपा. भाऊंनी पान उलटले. त्या पानावर कासव काय म्हणते ते मला माहीत होते, पण भाऊ ते म्हणाले नाहीत. ते माझ्याकडे वळले. पुस्तकात कासव चौथा प्रश्न सगळ्यांना विचारते, एकालाही सोडत नाही.

"तू तेव्हा कुठे होतास?" त्यांनी मला मराठीत विचारले.

मी खरे सांगितले. प्लॅटफॉर्मवर होतो, टॅग काढला नव्हता, आणि खाली लाइनवर साहेब उभे असलेले पाहिले. हे धैर्य नव्हते. कायद्याच्या भाषेत कोणी विचारले असते तर मी कायद्याच्या भाषेत सहज निसटलो असतो. त्या भाषेत त्याची उत्तम सोय आहे. पण सशाला आणि खारीला विचारलेला प्रश्न आपल्याला विचारल्यावर खोटे बोलायचे म्हणजे फारच लाज वाटते. मी सांगितले आणि सांगितलेले मिनिट्समध्ये लिहिले. भाऊंनी ते मला वाचून दाखवायला लावले. मग त्या माणसाला कळावे म्हणून त्यांनी पुस्तकातले शेवटचे चित्र त्याच्यापुढे धरले. हत्ती उभा राहिलेला आणि खाली चपटी झालेली छत्री.

अहवालात निष्कर्ष आला, "संवादातील त्रुटी". त्या माणसाची नोकरी राहिली, उपचार कंपनीने केले आणि गेटवरचा आकडा शून्यावर आला. साहेबांची काही महिन्यांनी मोठ्या प्लांटवर बढतीने बदली झाली. निरोपाला हार होते, भाषणे होती. माझे पत्र साहेबांच्या जागी आलेल्यांनी दिले, बरेच उशिरा. भाऊंनी मला कधी शाबासकी दिली नाही. दुसऱ्या दिवशी बसमध्ये मात्र त्यांनी शेजारची जागा माझ्यासाठी धरून ठेवली होती. ती जागा कोणी घेत नसे हे खरे, तरी त्यांनी त्यावर पिशवी ठेवली होती.

पिशवीत पुस्तक नव्हते. चौकशीनंतर त्या माणसाने ते बघायला मागितले आणि बाहेरच्या बाकावर बसून, पट्टी बांधलेला हात मांडीवर ठेवून, पहिल्यापासून वाचले. गावी त्याची मुलगी दुसरीत होती. भाऊंनी ते तिच्यासाठी देऊन टाकले. तेव्हापासून कोणी विचारले की ते अकरा भाषा येतात असे सांगत. मी एकदा त्यांना दुरुस्त करायला गेलो.

"अकराच," ते म्हणाले. "ओडिया मी दिली."

भाऊंच्या निवृत्तीच्या दिवशी शाल वगैरे काही झाले नाही. नव्या साहेबांना समारंभ आवडत नसत. सुट्टीच्या दिवशी मी भाऊंकडे डोकावत असे. दारात खुर्ची टाकून ते वाचत बसलेले असत आणि ओट्याच्या दुसऱ्या टोकाला वहिनी मूर्तींचे डोळे आखत असत. एकदा शेजारीण कुंपणावरून वहिनींना म्हणाली, "काय गो, यांचं अजून तेच पुस्तक?" वहिनी ब्रश न थांबवता म्हणाल्या, "माझे पण तेच डोळे आहेत की. मला नाय कोण विचारत." तेव्हा भाऊंनी पुस्तकातून मान वर करून त्यांच्याकडे पाहिले. त्या दोघांत तत्त्वज्ञानाचा समेट झालेला मी पाहिला तो तेवढाच.

गेल्या वर्षी भाऊ गेले. दिवसकार्य झाल्यावर वहिनींनी मला बोलावून कापडी पिशवी हातात दिली. आत अकरा पुस्तके होती, कडा मऊ झालेली, काहींवर टँकरच्या ऑइलचे डाग. त्या म्हणाल्या, "इथे कोण वाचणार ही. कंपनीत द्या. तिथेच शिकले ते." मी पिशवी बाइकला अडकवून धाटावला नेली आणि कंपनीच्या क्लबच्या लायब्ररीत रीतसर देणगी म्हणून जमा केली.

दोन महिन्यांनी सहज चौकशी केली. लायब्ररीत जागा कमी आहे. एकाच पुस्तकाच्या अकरा प्रती आल्यामुळे नियमाप्रमाणे एक ठेवून दहा जादा प्रती रद्दीत काढण्यात आल्या होत्या. ठेवलेली प्रत कन्नड आहे. रजिस्टरमध्ये तिच्यापुढे भाषेच्या रकान्यात 'मराठी' असे लिहिले आहे.